डाव्या डब्याच्या पोटातली फरशी

मी डावा बोलतोय. म्हणजे जोडीतला डावा स्पीकर. उजवा माझा भाऊ, माझ्याहून एका दुपारनं मोठा. आत्ताही तो माझ्या शेजारीच आहे, पण त्याला स्वतःबद्दल बोलायची हौस नाही. जोडीत एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं गप्प बसायचं, हे आम्ही माणसांच्या संसारातून शिकलो.

उंची एक फूट, रुंदी आठ इंच. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढाच मी. पण उभ्या आयुष्यात मला पुस्तकांच्या फळीवर कुणी बसवलं नाही. फ्रिजवर बसलो, टीव्हीशेजारी बसलो, दोन महिने तर इस्त्रीच्या टेबलाखाली काढले. डोक्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकची फुलं, असा मुंडावळ्या बांधल्यासारखाही राहिलो.

तुम्ही मला पहिल्यांदा बघाल तेव्हा काय कराल, हे मला पाठ आहे. आधी उचलून बघाल. मग टरबूज घेताना वाजवतात तसं बोटानं टकटक कराल. मग विचाराल, "किती वॅटचा?" कान सोडून बाकी सगळ्या अवयवांनी माझी परीक्षा झाली, की मान हलवून म्हणाल, "भारी आहे!"

हा शब्द ज्यानं काढला त्याला माझा लांबूनच नमस्कार. जे वजनाला जड तेही भारी, आणि जे उत्तम तेही भारी! त्या शब्दापायी माझ्या पोटात दगड गेला, एका बापाची मान खाली गेली आणि एका पोराचं आयुष्य लासूर स्टेशनच्या गाडीत चढता चढता राहिलं. आता नीट सांगतो.

माझा जन्म औरंगाबादेतला. रोशन गेटच्या अलीकडं एका गल्लीत निजामुद्दीन मिस्त्रींचं दुकान होतं. शोकेस, कपाटं, दिवाण असलं सामान तिथं बनायचं. साल शहाण्णव. मला बनवलं ते मिस्त्रींच्या पोरानं, गयासनं. वय वीस, पॉलिटेक्निक अर्धवट सोडलेलं, आणि नाकाच्या शेंड्यावर कायम राग.

कॉलेज का सोडलं? दोन वर्षं सर वर्गात वहीत बघून वहीत लिहायला सांगायचे. एक दिवस गयास उभा राहून म्हणाला, "सर, एखादा रेडिओ खोलून दाखवा ना." सर म्हणाले, "परीक्षेत खोलायला येत नाही, लिहायला येतं. बस खाली." गयास खाली बसला नाही. तसाच दाराबाहेर पडला, तो परत गेलाच नाही.

मग गल्लीतले सगळे बुजुर्ग चार महिने येऊन त्याला समजावत होते. चहा प्यायचे, दाढी कुरवाळायचे, आणि "आमच्या जमान्यात" पासून सुरुवात करायचे. त्यातल्या एकालाही घरचा उडालेला फ्यूज बसवता येत नव्हता. फ्यूज उडाला की ते गयासलाच हाक मारायचे. फ्यूज बसला, पंखा फिरायला लागला, की त्याच पंख्याखाली बसून त्याला म्हणायचे, "तेरा क्या होगा रे?"

गयासला स्पीकर बनवायचे होते. मोठ्या कंपनीचे ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी साधे, छोटे, पण खरे. त्यासाठी त्याला बापाच्या दुकानातली अर्धी जागा हवी होती.

निजामुद्दीन मिस्त्रींनी अट घातली. "पाठक साहब को स्पीकर होना. उनके घर हर इतवार गाने का मंडल बैठता. तेरा डब्बा वहाँ पास हुआ तो आधी दुकान तेरी. पाठकांनी 'हो' म्हटलं पाहिजे. नाय म्हटलं, तर सोमवारच्या गाडीनं लासूर. इलियासमामूच्या दुकान में बैठने का, चुपचाप."

इलियासमामूचं लासूर स्टेशनला सरकी पेंडीचं दुकान होतं. ढोरांचं खाद्य. गयासनं ते बघितलं होतं. पोत्यांच्या थप्प्या, आणि मधोमध एक स्टूल. त्या स्टुलावरून मामू तीस वर्षांत उठला नव्हता. स्टूल कुठं संपतं आणि मामू कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. त्याच्या शेजारी आणखी एक स्टूल ठेवलेलं होतं, रिकामं. ते गयाससाठी होतं.

तर असा मी जन्माला आलो, एका पोराला स्टुलावरून वाचवायला.

माझी हाडं बारा एमएमच्या प्लायची. भुशाचा दाबलेला बोर्ड गयासनं हातात घेऊन परत टाकला. "दोन पावसाळ्यांत बिस्किटासारखा फुगतो," म्हणाला. आवाज काढायला मला दोन तोंडं आहेत: खाली मोठं, जाड आवाजाचं, वर रुपयाएवढं, बारीक आवाजाचं. ती दिल्लीहून आली. प्रत्येक सांध्यात त्यानं सरस भरला आणि मग सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवली. धूर आत ओढला गेला तर फट आहे असं समजायचं. माझ्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची उदबत्ती तीच.

पोटात भरायला कापूस हवा होता. गयासच्या अम्मीनं, मेहरुन्निसाबींनी, जुनी रजई उसवून दिली. तोंडावर लावायला कापड हवं होतं, तेव्हा तो बहिणीच्या ओढण्या धुंडाळायला लागला. एकेक ओढणी तोंडासमोर धरून फुंकर मारायचा. ज्यातून फुंकर आरपार जाईल त्यातून आवाज आरपार जातो, असा त्याचा हिशेब.

सगीरानं बघितलं आणि किंचाळली. "अम्मी! भाई मेरी ओढनी कू फूंक मारतंय! जादूटोना करतंय क्या?"

"जादू करता तो पहले अपनी नौकरी लगाता," अम्मी म्हणाली. ओढणी मात्र गेली. ती काळी मलमल अजून माझ्या तोंडावर आहे.

आवाज तपासायची वेळ आली तेव्हा गयासनं कॅसेटीवर सगीराचा आवाज भरला. पेपरमधलं पाटबंधाऱ्याचं टेंडर तिला मोठ्यानं वाचायला लावलं. ती म्हणाली, "गाना लगा ना, टेंडर कायकू?"

गयास म्हणाला, "गाणं तर पत्र्याच्या डब्यात पण गोड लागतं. घरचं माणूस बोललं ना, की डब्याची जात कळती."

हे वाक्य मी जन्मभर जपलं. तुम्हीही जपा. स्पीकर घ्यायला जाल तेव्हा बायकोचा, नवऱ्याचा, भावाचा, कुणाचाही रोजचा आवाज भरून न्या. ओळखीचा माणूस डब्यातून अनोळखी वाटला, तर डबा तिथंच ठेवून घरी या.

कॅसेट लागली. सगीरानं स्वतःचा आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "मेरी आवाज ऐसी है? झूट. ये तो कोई बुड्ढी मास्तरीण है."

अम्मी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यहीच है. ऐसीच किरकिर करती तू सुबू से."

गयास हसला. महिनाभरात पहिल्यांदा. त्या क्षणी मी आणि भाऊ अगदी सारखे होतो. वजनाला सारखे, आवाजाला सारखे, आणि खरे.

शनिवारी दुपारी गयास वायर आणायला गुलमंडीवर गेला. दुकानात निजामुद्दीन मिस्त्री एकटेच. त्यांनी मला हातात घेतलं, वरखाली केलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"हलका है," ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी माझी पाठ उघडली. सहा स्क्रू. आतला निम्मा कापूस काढला. दुकानाच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीचे तुकडे पडलेले असायचे. त्यातला एक तळहाताहून थोडा मोठा तुकडा त्यांनी माझ्या पोटात ठेवला आणि सरसानं चिकटवला. भावाचीही पाठ उघडणार, तेवढ्यात गल्लीत गयासच्या सायकलची घंटी वाजली. मिस्त्रींनी घाईघाईनं माझे स्क्रू पिळले. पाच बसले. सहावा खिशात गेला.

त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. स्क्रू पिळताना ते हळूच माझ्याशी बोलत होते, "पास हो जा रे बाबा. बच्चे की जिंदगी का सवाल है." बुजुर्गांचं हेच अवघड आहे. पोरावर जीव असतो, फक्त पोराच्या कामावर भरवसा नसतो. मग ते प्रेमापोटी त्याच्या चांगल्या कामात दगड घालतात.

काही वाईट होणार असलं की माणसं म्हणतात, पोटात गोळा आला. माझ्या पोटात तो खराच होता.

रविवारी सकाळी आम्ही रिक्षानं समर्थनगरला निघालो. भाऊ गयासच्या मांडीवर, मी मिस्त्रींच्या. "एक मैं पकडता," असा त्यांनी हट्टच धरला. गयासला वाटलं अब्बा पाघळले. त्याला बरं वाटलं. मला नाही वाटलं.

हेमचंद्र पाठक म्हणजे एका सरकारी कचेरीतून रिटायर झालेले साहेब. त्यांच्या भागात पहिला रेकॉर्ड प्लेअर त्यांनी आणला होता. तेव्हापासून लोक त्यांना गाण्यातले जाणकार समजत. बंगला बांधला म्हणून कुणी माणसाला गवंडी म्हणत नाही, पण रेकॉर्ड प्लेअर घेतला की माणूस कानसेन होतो. दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये आठ-दहा पेन्शनर जमायचे, कॅसेटी ऐकायचे, आणि गाण्यापेक्षा मोठ्यानं "क्या बात है" म्हणायचे.

पाठकांनी आधी भावाला उचललं. "हं. पोकळ वाटतो, निजामभाई."

मग मला उचललं. भुवया वर गेल्या. "वा! हा भारी."

शेजारी वैजनाथराव बसले होते, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनीही मला उचललं. कमरेत काहीतरी कटकन वाजलं, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "खराच हो, लई भारी आहे."

मी हातोहात फिरलो. अख्ख्या मंडळानं मला बारशाच्या पोरासारखं खेळवलं. एकानं पाठीवर टिचकी मारली. एकानं नाक लावून प्लायचा वास घेतला. एकानं वॅट विचारले. कानाला कुणी लावलं नाही.

गयास गोंधळला. "साहेब, दोघांची प्लाय एकाच तुकड्यातली आहे. वजन सारखंच भरायला पाहिजे." त्यानं स्वतः मला उचललं. त्याच्या हाताला ते एका क्षणात कळलं. त्यानं माझ्या पाठीकडं बघितलं, सहाव्या स्क्रूच्या रिकाम्या भोकाकडं. मग अब्बाकडं. अब्बा पंख्याकडं बघत होते, जणू आजवर पंखा पाहिलाच नव्हता.

गयासनं मला खाली ठेवलं. फक्त म्हणाला, "साहेब, गाणं नंतर. आधी ओळखीचा आवाज लावू. तुमचा स्वतःचा एखादा टेप आहे का?"

असा प्रश्न पाठकांना जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यांच्या निरोप समारंभातल्या भाषणाची कॅसेट कपाटात सगळ्यात वर होती. बाकी कॅसेटींवर धूळ होती, तिच्यावर नव्हती.

कॅसेट वाजवायच्या डेकवर एक बटण असतं, आवाज डावीकडं किंवा उजवीकडं वळवायचं. गयासनं ते आधी उजवीकडं फिरवलं. भाऊ बोलायला लागला.

"आदरणीय साहेब... अं... आणि माझ्या... अं-हं... सहकारी बंधूंनो. मी या खात्यात आलो तेव्हा माझ्याजवळ एक छत्री होती..."

बारीक आवाज, थोडा नाकातला. दर दुसऱ्या वाक्याला खाकरणं. मंडळात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"हा कुणाचा आवाज?" पाठक म्हणाले. "बिघाड आहे यात. पोकळ डबा, आणखी काय होणार!"

बटण डावीकडं फिरलं. आता माझी पाळी. पोटात जागा उरली नव्हती, कापूस निम्मा, अंगात दगड. पाठकांची छत्री माझ्या तोंडातून अशी बाहेर पडली की जणू रांजणात तोंड घालून कुणी राजा बोलतोय. घुमारा नुसता! "सहकारी बंधूंनो" म्हणताना समोरच्या कपबशा थरथरल्या. मध्येच जाड अक्षर आलं की सरसातून सुटलेली फरशी टर्र वाजायची.

"हे काय टर्र?" कुणीतरी विचारलं.

"टाळ्या असतील," वैजनाथराव म्हणाले.

पाठक खुर्चीत ताठ झाले होते. डोळे मिटले होते. स्वतःच्या प्रेमात पडायला माणसाला वय आड येत नाही. भाषण संपल्यावर ते म्हणाले, "हा! हा माझा आवाज. बघा, स्पीकर कसा पाहिजे! निजामभाई, डावा पास. उजवा परत न्या, अस्साच भारी करून आणा. मग मंडळाचं 'हो' समजा."

निजामुद्दीन मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. "हौ साहब. कल के कल."

झालं होतं. अर्धं दुकान, खुलं आयुष्य. गयासला फक्त गप्प बसायचं होतं आणि घरी जाऊन भावाच्या पोटात एक तुकडा घालायचा होता. फरशीला तोटा नव्हता. शहरात घरोघरी फरशी.

गयासनं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"गयास," अब्बा हळूच म्हणाले. "नक्को."

पहिला स्क्रू निघाला. दुसरा. मी पोटावर पालथा पडलेलो, पाठ उघडी पडत चाललेली. पाचवा निघाला. गयासनं हात घातला, फरशी ओढून काढली, आणि चहाच्या टेबलावर पाठकांच्या समोर ठेवली. खाली रविवारचा पेपर होता म्हणून काच वाचली.



"ये क्या है अब्बा?"

"तेरेकू नहीं समझेगा," निजामुद्दीन म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला. "बीस बरस से कपाट के नीचे यहीच डालता मैं. लोक पहले उचलके देखते. हलका लगा कि आगे जाते. तेरा दूध, तेरी फी, सब इसीपे चला."

"तो कपाट कायकू बेचते? डंबेलच बेचो." गयास पाठकांकडं वळला. "साहेब, तुम्हाला जो आवाज आवडला ना, तो या फरशीचा होता. ही ठेवून घ्या. डबे मी नेतो."

"अरे!" वैजनाथराव उसळले. "वडीलधाऱ्यांशी असं बोलतात? शाळेत काय शिकलास?"

"वहीत बघून वहीत लिहायला," गयास म्हणाला. "आणि वडीलधाऱ्यांनी एकदा तरी कान लावला असता तर माझा आवाज चढला नसता."

पाठक लाल झाले होते. चूक कळली होती, पण ती आठ जणांसमोर कळली होती, आणि अशी कळलेली चूक माणूस कबूल करत नाही. "आम्हाला नकोत," ते म्हणाले. "हलका माल आहे. न्या."

निजामुद्दीन खाली वाकून माझे स्क्रू गोळा करायला लागले. त्यांना स्क्रू दिसत नव्हते. गयासनं भावाला काखोटीला मारलं. सोमवार म्हणजे उद्याच.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "गयास, तो उजवा परत लाव बरं जरा."

भानुमतीबाई दारात उभ्या होत्या, पाठकांच्या पत्नी. हातात पोह्यांचा झारा तसाच. इतका वेळ हॉलमध्ये कुणालाही त्यांची आठवण नव्हती, पण स्वयंपाकघराला कान असतात. गयासनं भावाला खाली ठेवलं, वायर जोडली.

"...अं-हं... माझ्याजवळ एक छत्री होती..."

बाईंनी मान तिरकी करून ऐकलं. मग म्हणाल्या, "हा. हाच. बत्तीस वर्षं ऐकतेय. खाकरण्यासकट."

आता मात्र मंडळ हसलं. वैजनाथराव सगळ्यात मोठ्यानं.

"भानू, तुला यातलं काय कळतं?" पाठक म्हणाले.

"गाण्यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं." त्या पुढं आल्या आणि जरा हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमचा आवाज असाच आहे. मला आजवर त्याचं काही वाईट वाटलं नाही. तुम्हाला कशाला वाटावं?"

पाठकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आधी खाकरले. मग स्वतःच ओशाळं हसले.

"हे दोन्ही इथंच राहू द्या," बाई म्हणाल्या. "मला हवेत. घरात एक तरी खरं बोलणारं असावं."

निजामुद्दीन हात जोडून उभे होते. त्यांना धड खोटंही जमलं नव्हतं, धड खरंही जमत नव्हतं. "भाभीजी, बात तो पाठक साहब के 'हो' की ठहरी थी..."

"पाठकांनी 'हो' म्हणायचं, एवढंच ना? मग मी कोण, जोशी? पाठकच म्हणतेय हो."

आणि त्यांनी गयासला पोहे दिले. सगळ्यांच्या आधी.

सोमवारची गाडी गेली. गयास तिच्यात नव्हता. दुकानात काय घडलं ते मी पुढं ऐकलं. मिस्त्री खडू घेऊन आले आणि दुकानाच्या जमिनीवर मधोमध रेघ ओढली. म्हणजे मधोमध म्हणून ओढली. गयासच्या बाजूला वीतभर जागा जास्त गेली. ज्या माणसाचा हात तीस वर्षांत एक सूतसुद्धा वाकडा गेला नव्हता, त्याचा तेव्हा गेला. गयासनं ते बघितलं.

माझ्या पोटात परत रजईचा कापूस आला, आणि पाठकांच्या घरी आम्ही वीस वर्षं काढली. सुखात, असं म्हणवत नाही. पाठकांनी पहिल्याच आठवड्यात मला हॉलमध्ये ठेवलं आणि भावाला स्वयंपाकघरात. "दोन्हीकडं ऐकू यावं" म्हणून! आता स्टिरिओ गाण्यात थोडं डावीकडं असतं, थोडं उजवीकडं. तीन वर्षं साहेबांनी हॉलमध्ये नुसता गायक ऐकला आणि बाईंनी ओट्यापाशी नुसता तबला. साहेब म्हणायचे, काय गळा आहे. बाई म्हणायच्या, मेल्याला गाता येत नाही, नुसता बडवतो. यावरून भांडणंसुद्धा झाली. शेवटी नाशिकहून आलेल्या लेकीनं आम्हा भावांची भेट घालून दिली.

मग लेकीनं एक लांबोडका काळा स्पीकर आणला. तो बिनवायरीचा होता, मोबाईलशी बोलायचा. आम्ही इस्त्रीच्या टेबलाखाली गेलो. पाठक साहेब गेले. भानुमतीबाई घर आवरून नाशिकला निघाल्या, तेव्हा त्यांनी आम्हाला जुन्या पातळात गुंडाळून रिक्षानं गयासकडं पाठवलं. माझ्या मोठ्या तोंडाची कड झडली होती. गयासनं ती नवी लावली.

तेव्हापासून आम्ही त्याच्या दुकानात आहोत, दारासमोरच्या फळीवर. दुकान आता पूर्ण त्याचं आहे. गिऱ्हाईक आलं की तो आधी आम्हाला वाजवून दाखवतो. "ऐका. शहाण्णवचा माल. अजून तसाच."

आणि आता मला जे सांगायचं आहे ते हेच.

मी तसाच नाही. तीन वर्षांपूर्वी माझं वरचं लहान तोंड मेलं. आतली केसाएवढी तार तुटली. माझ्यातून बारीक आवाज येत नाही. झांज येत नाही, पैंजण येत नाही, कुणाच्या बोलण्यातला 'स' नीट येत नाही. गयासला हे कळलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं प्लाय कापायच्या मशीनपुढं उभा राहून त्याचे कान वरच्या पट्टीला बंद झालेत. सगळ्यांच्या डब्यात कापूस भरला, स्वतःच्या कानात बोळा घातला नाही. मी वाजत असतो, तो डोळे मिटून मान डोलवतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "आजकालच्या पोरांना कानच नाहीत."

हो, तोही बुजुर्ग झाला. दाढी कुरवाळतो. परवा एका पोरीला "आमच्या जमान्यात" म्हणाला, तेव्हा मला बोलता आलं असतं तर मी खदाखदा हसलो असतो.

त्या पोरीनं माझ्याकडं बघून भुवई उंचावली होती. तिला कळलं होतं. पण ती गप्प बसली. येणारे सगळेच गप्प बसतात. वडीलधारा माणूस, एवढ्या प्रेमानं दाखवतोय, कशाला दुखवा. गयास वीस वर्षांचा असता तर त्यानं अशा लोकांना दुकानाबाहेर काढलं असतं.

म्हणून तुम्हाला विनंती. रोशन गेटकडं आलात तर दुकानात या. तो मला वाजवेल, "अजून तसाच" म्हणेल. तेव्हा मान डोलवू नका. त्याला स्पष्ट सांगा, काका, डावा गेलाय आणि तुमचे कानही तपासून घ्या. तो चिडेल. चिडू द्या. चहा मिळणार नाही. नको मिळू दे. तो रात्रभर तळमळेल आणि सकाळी मला खोलेल, एवढं मी त्याला ओळखतो.

मीच सांगितलं असतं. रोज सांगायला बघतो. पण ते ज्या बारीक सुरात सांगायचं, तो सूर माझ्या तोंडातून निघत नाही. आणि निघाला, तरी तो नेमका त्यालाच ऐकू येणार नाही.